आज हवा दमट आहे

सुझौ, ४ मार्च

थोरल्या काकांना वानछिंगचा वाकून नमस्कार.

काकूलाही नमस्कार सांगा, पण आधी हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा. ती मध्येच हसायला लागेल आणि मग तुम्हीही हसाल, आणि माझं काम राहून जाईल.

मला तुमचा तो बांबूच्या नळ्यांचा शंग हवाय. नुसता शंग नाही, तुमच्यासकट.

जूनच्या पहिल्या शनिवारी इथल्या एका चहाघराच्या वरच्या हॉलमध्ये माझा स्वतःचा पहिला कार्यक्रम आहे. आजवर मी कुठे कुठे स्फटिकाचे वाडगे वाजवले ते तुम्हाला माहीत आहे. लोक चटईवर डोळे मिटून पडतात, पाच मिनिटांत निम्मे घोरायला लागतात, आणि उठल्यावर म्हणतात, फार छान वाजवलंत. या वेळी लोक खुर्च्यांवर बसून, जागे राहून ऐकणार आहेत. माझे सात वाडगे आणि पेइलिनचं एकवीस तारांचं गुझंग. पेइलिन म्हणजे नववर्षाला माझ्याबरोबर आलेली ती उंच मुलगी, जिने काकूची सगळी डंपलिंग फस्त केली होती.

अडचण अशी आहे की वाडग्याच्या कडेवरून दांडी फिरवली की सूर उठतो आणि संपायचं नाव घेत नाही. गुझंगची तार छेडली की सूर निघतो आणि लगेच विरतो. एक जाता जात नाही, दुसरं टिकता टिकत नाही. दोघांच्या मधे श्वास घेणारं कुणीतरी हवं. परवा तालमीत मला एकदम तुमचं अंगण आठवलं. बाबा बोटीवर असायचे, मी तुमच्याकडे असायचे, आणि दुपारी तुम्ही शंगाची एकेक नळी फुंकून बघायचात. त्या आवाजावर मी किती झोपले असेन! शंग फुंकतानाही वाजतो आणि श्वास आत ओढतानाही वाजतो, म्हणून तोच हवा.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही "नाही" फार पटकन म्हणता. पत्राला निदान दोन दिवस विचार करावा लागतो.

तुमची,
वानछिंग


तळ्याकाठचं घर, हेबेई, १२ मार्च

वानछिंगला आशीर्वाद.

पत्र तुझ्या काकूनेच आधी उघडलं. हसलीही. तिचा प्रश्न असा की तुझे वाडगे एवढे मोठे आहेत तर त्यांत कोबीचं लोणचं घालता येतं का. मी म्हटलं, ती घंगाळी वाजवायची असतात. ती म्हणाली, मग आपलं घंगाळ काय वाईट आहे, मी रोज घासताना वाजवतेच की.

पोरी, मी पन्नास वर्षं शंग जुळवतोय. आठ गावांची वाजंत्री मंडळी लग्नाआधी आणि मयताआधी माझ्या दारात येऊन बसतात. सतरा नळ्या, त्यांतल्या चौदांना तळाशी सूर देणारी पितळी पत्ती, प्रत्येक पत्तीवर मोहरीएवढा मेणाचा थेंब. थेंब वाढवला की सूर उतरतो, खरवडला की चढतो. एवढंच मला येतं. काचेच्या भांड्यांबरोबर वाजवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण तू अंगणाचं नाव काढलंस आणि मग म्हातारा काय करणार?

येतो. पितरांच्या थडग्यांची झाडलोट उरकली की एप्रिलच्या मध्यावर तालमीला येतो. शंग नव्याने जुळवून आणतो.

अट एकच. माझं काही चुकलं तर तोंडावर सांगायचं. वय झालं म्हणून सांभाळून घ्यायचं नाही. लुओ गुरुजी म्हणायचे, कान गेला की शंगवाला नुसता बांबूवाला. मी अजून बांबूवाला झालेलो नाही, पण त्र्याहत्तरावं लागलंय. तेव्हा कबूल असेल तर पेइलिनला सांग, काकू डंपलिंग पाठवते आहे, या वेळी मोजून.

काका


तळ्याकाठचं घर, २१ एप्रिल

वानछिंगला आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. पहिल्याच तालमीनंतर न सांगता स्टेशन गाठलं म्हणून रागावू नकोस. गुडघा धरला होता.

खरं सांगायचं तर तुझी घंगाळी आणि माझा शंग यांचं जमणार नाही. स्फटिकाचा सूर गार, बांबूचा ऊबदार. विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. तुम्हा दोघींचं छान जमतं, तेवढंच ठेवा. शंग तुझ्याकडेच राहू दे. शहरात वाजवणारे तरुण पुष्कळ आहेत, त्यांतला एखादा बघ.

फोन करत बसू नकोस, तळ्याकडे आवाज नीट पोचत नाही. सुझौची हवा दमट आहे, तू म्हणालीसच. तब्येतीला जप.

काका


सुझौ, २७ एप्रिल

काका,

गुडघा? त्या हॉलचे दोन जिने तुम्ही माझ्याआधी चढलात आणि वर उभं राहून मला म्हणालात, "काय ग म्हातारे, दमलीस?" खोटं बोलायचंच होतं तर गुडघ्याचं नाव घ्यायला नको होतं.

पहिल्या पत्रात तुम्ही माझ्या वाडग्यांना घंगाळी म्हणालात तेव्हा मी खोखो हसले. या वेळी हसू आलं नाही. म्हणजे तुम्हालाही वाटतं ना, की झोपाळू लोकांपुढे भांडी बडवते आहे मी? बँकेतली नोकरी सोडली तेव्हा सगळं घर हेच म्हणालं. तेव्हा एकटे तुम्हीच म्हणाला होतात, "तिला ऐकू येतंय ते तिला वाजवू दे." त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली.

पत्रकं छापून झाली आहेत. तुमचं नाव माझ्या नावाच्या वर आहे. ते मी खोडणार नाही. दुसरा कुणी वाजवणाराही बघणार नाही.

फोन वाजत राहतो आणि तुम्ही उचलत नाही. आवाज पोचत नाही म्हणे! काकूशी बोलताना तर तळ्यातली बदकंसुद्धा ऐकू येतात.

वानछिंग


तळ्याकाठचं घर, ५ मे

वानछिंग बाळा,

मी काकू. माझं अक्षर बघून हसू नकोस. हे गावात गेलेत तोवर लिहून टाकते.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जेवले नाहीत. तुझ्या वाडग्यांबद्दल ह्यांच्या मनात काही नाही, ते डोक्यातून काढून टाक. तिकडून आल्या दिवशी अंगणात बसून मला म्हणाले, "पोरीने काय सूर काढलाय, अंगावर काटा आला." आणि मग गप्प झाले ते आजतागायत.

हत्यारांची पेटी दोरीने बांधून माळ्यावर टाकली आहे. मेण वितळवायची सळीसुद्धा आत. पूर्वेकडच्या वाडीची मंडळी लग्नाचे चार शंग घेऊन आली, त्यांना म्हणाले, तालुक्याला न्या, मी आता करत नाही. इतक्या वर्षांत मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. ती माणसं माझ्याकडे बघायला लागली, आता मी काय सांगणार?

आणि रोज सकाळी एक नवीनच. चहाची किटली शिट्टी द्यायला लागली की विचारतात, "अगं, किटलीचा सूर कालच्यासारखाच आहे ना?" आता किटलीला कसला आलाय सूर? मी म्हणते, हो. मग विचारतात, "खरं सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?" मला भीती वाटते ग. ह्यांना आपला कान गेला असं वाटतंय. मला तसं स्पष्ट बोलले नाहीत, पण चाळीस वर्षं एका घरात राहिल्यावर न बोललेलं जास्त ऐकू येतं.

त्या दिवशी तिथे काय झालं? तू तरी खरं सांग. वाईट असलं तरी सांग. अशा गप्प बसण्याने माणूस झिजतं.

काकू

(डंपलिंग सगळी पेइलिननेच खाल्ली का?)


सुझौ, ११ मे

काका,

हे पत्र काकूसमोर, मोठ्याने वाचा. आधी माझे दोन गुन्हे, मग निकाल.

पहिला गुन्हा. तुमची अट मी मोडली. त्या दिवशी तालमीत तुमचा शंग आमच्यापेक्षा चढा लागत होता. मला ऐकू आलं, पेइलिनलाही आलं. वाडगे आणि गुझंग एका सुरात, आणि शंग एकटा वर. मला वाटलं, काकांचा कान उतारवयाला लागला. तोंडावर सांगायचं कबूल केलं होतं, पण तुमच्याकडे बघितलं आणि जीभच रेटेना. म्हणून हवा दमट असल्याचं बोलले.

दुसरा गुन्हा याहून मोठा. तुम्ही गेल्यावर तुमचा शंग मी गुपचूप ताओ मास्तरांकडे नेला. इथल्या जुन्या पेठेत ते वाद्यं दुरुस्त करतात, तुमच्याच वयाचे आहेत. मनात होतं की सूर उतरवून घ्यावा आणि मग तुम्हाला लिहावं, आता हवा कोरडी झाली, परत या. त्यांच्याकडे कामाची रांग होती, म्हणून शंग दहा दिवस तसाच पडून राहिला. काकूचं पत्र आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला.

गेले तर शंग त्यांच्या मांडीवर उघडा. पहिला प्रश्न, "हा कुणी जुळवलाय?" मी मान खाली घालून म्हटलं, माझ्या काकांनी, वय झालंय त्यांचं. तर म्हणाले, "मुली, याच्या एका पत्तीला जरी मी हात लावला तर माझे हात झडतील. असं काम मी तीस वर्षांत पाहिलं नाही." मी म्हटलं, मग तो चढा का लागतो? ते म्हणाले, "कशाच्या मानाने चढा?"

काका, हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

ते सूर पडताळायचा नादकाटा घेऊन माझ्याबरोबर हॉलवर आले. एकेका वाडग्याजवळ काटा वाजवून ऐकला आणि सातव्यानंतर खुर्चीत बसून हसत सुटले. सातही वाडगे खाली आहेत! सगळे सारखेच खाली, म्हणून आपसांत बरोबर. आणि पेइलिन रोज गुझंगच्या तारा कशाशी जुळवते? माझ्या वाडग्यांशी. तारा बिचाऱ्या समजूतदार, म्हणाल तिथे येतात. म्हणून चार वर्षांत आम्हाला पत्ताच नाही. हॉलमध्ये बरोबर असलेलं एकच वाद्य होतं, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यालाच चुकीचं ठरवलं.

कारखान्याला फोन केला. तिथला माणूस म्हणतो, "तो माल परदेशी गिऱ्हाइकासाठी काढला होता, त्यांना सूर जरा खालचा लागतो, म्हणे मन शांत होतं. त्याने घेतला नाही म्हणून तुम्हाला स्वस्तात मिळाला. खोक्यात चिठ्ठी होती की, वाचली नाहीत?" चिठ्ठी होती. परक्या भाषेत होती, म्हणून मी ती टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घातली होती. अजून तिथेच आहे.

तुमचा कान शाबूत आहे, काका. ठणठणीत आहे. गेला होता तो आमचा.

आता जितकं रागवायचं तितकं रागवा. पण माळ्यावरची पेटी आधी खाली काढा.

वानछिंग


तळ्याकाठचं घर, १७ मे

वानछिंगला आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं. "कशाच्या मानाने चढा" इथे ती थांबली आणि म्हणाली, पुन्हा वाचू का? मी म्हटलं, वाच. तिने तीनदा वाचलं.

मग पेटी खाली काढली. तुला माहीत नाही, नादकाटा माझ्याकडेही आहे. त्याच पेटीत होता. सुझौहून आलो त्याच दिवशी तो काढून वाजवला असता तर महिनाभराचा त्रास वाचला असता. हिंमत झाली नाही. पेटी बांधली ती शंगांसाठी नाही, त्या काट्याला भिऊन बांधली. आज काटा वाजवला, शेजारी एक नळी फुंकली. दोन्ही एक. काकूने माझा हात धरला होता आणि मी रडलो. तुझ्यापासून आता काही लपवत नाही.

तर मी का पळालो ते ऐक.

लुओ गुरुजी सत्तरीचे झाले तेव्हा त्यांचा कान चढला. जुळवतील तो शंग वर जायचा. मंडळीत सगळ्यांना कळलं. पण गुरूला सांगणार कोण? आपल्यात ती रीतच नाही. मग असं ठरलं की गुरुजींच्या हातचे शंग मी घरी न्यायचे, त्यांचं मेण खरवडून पुन्हा जुळवायचे आणि मगच मंडळीला द्यायचे. वाजवताना गुरुजी कान टवकारून म्हणायचे, "बाओलिन, आज काही वेगळं वाटतंय रे." मी म्हणायचो, "आज हवा दमट आहे, गुरुजी." दोन वर्षं हेच. त्यांतलं एक वर्ष दुष्काळाचं होतं. तळं आटून चिखल उरला होता आणि मी म्हणत होतो हवा दमट आहे.

मेणाचा थेंब हा हस्ताक्षरासारखा असतो, ज्याचा त्याला ओळखू येतो. एके दिवशी गुरुजींनी आपलाच एक शंग उघडला. आत माझे थेंब. मी समोर उभा होतो. त्यांनी तो पुन्हा बंद केला, माझ्या हातात दिला आणि चहा मागितला. त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. सहा वर्षं जगले. दर नववर्षाला मी पाया पडायला जायचो. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

आणि त्या दिवशी हॉलमध्ये माझा शंग वाजला, तुम्ही दोघी थांबलात, पेइलिनने तुझ्याकडे बघितलं, आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना तू म्हणालीस, "काका, आज हवा दमट आहे." पोरी, मला वाटलं, आली माझी पाळी. आता ही माझे शंग लपवून दुसऱ्याकडे नेणार.

आणि तू नेलासच! त्याचा मला राग आला. चांगला दीड दिवस टिकला. मग काकू म्हणाली, "तुम्ही दोन वर्षं केलंत, तिने दहा दिवस. आणि तिने निदान लिहून कळवलं." खरं आहे ते. मला जे जमलं नाही ते तुला जमलं.

आता कामाचं. तुझा स्फटिक काही वर चढायचा नाही, तेव्हा शंगालाच खाली यावं लागेल. माझा शंग तसाच ठेव, ताओ मास्तरांचे हात वाचू देत. गुरुजींचा शंग त्यांच्या मागे माझ्याकडे आला, तो तुझ्या वाडग्यांसाठी उतरवतो. काल उघडला. आत माझेच ते जुने थेंब होते. सगळे खरवडले आणि कोऱ्या पत्त्या घेऊन बसलोय. तू तेवढं कर, सातही वाडग्यांचा सूर फोनवर ऐकव. मी उचलेन.

पूर्वेकडच्या वाडीला निरोप धाडलाय की लग्नाचे शंग परत आणा.

काका


तळ्याकाठचं घर, १० जून

वानछिंगला आणि पेइलिनला आशीर्वाद.

पोचलो. गुडघा छान आहे.

शनिवारचं तुला मी काय सांगणार, तू तिथेच होतीस. पण तुझी पाठ लोकांकडे होती, मी समोर होतो, म्हणून सांगतो. तू मोठ्या वाडग्याचा सूर उठवलास, मी त्यात हळूच श्वास सोडला, आणि कुठला वाडग्याचा नि कुठला बांबूचा हे मलाच कळेना. पहिल्या रांगेतले ताओ मास्तर डोळे पुसत होते. कुणी घोरलं नाही. तुझी काकू सोडून, पण ती आदल्या दिवसभर गाडीत उभी होती, तिला माफ कर. विळ्याभोपळ्याचं ते वाक्य मी मागे घेतो. घंगाळी हा शब्द मात्र मागे घेत नाही, तो आता लाडाचा झाला आहे.

परत आल्यावर एक काम केलं. गुरुजींना पत्र लिहिलं. तुमचे शंग दोन वर्षं मी बदलले, तोंडावर सांगायला हवं होतं, भ्यालो, क्षमा करा. एवढंच, पाच ओळी. त्यांच्या थडग्यापाशी नेऊन जाळलं, म्हणजे पोचलं. तीस वर्षं लागली या पत्राला. येताना पाय हलके वाटत होते.

कारखान्यातून नवे वाडगे मागवायचं तू म्हणत होतीस. मागवू नकोस. एका गिऱ्हाइकाने नाकारलेल्या मालाला जुळणारा शंग जगात एकच आहे आणि तो माझ्याकडे आहे. म्हणजे तुला मला बोलवावंच लागेल.

आता किटलीबद्दल मी विचारत नाही, तर घरात चुकल्यासारखं झालंय. आज सकाळी शिट्टी झाली तेव्हा काकूच स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आज सूर बरोबर आहे ना?" मी ऐकलं आणि म्हटलं, "थोडा चढा आहे."

ती म्हणाली, "हवा दमट असेल."

मी म्हटलं, "नाही. तळाला क्षार साचलाय, तू महिनाभर किटली घासलेली नाहीस." तोंडावर सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये, पण किटली घासते आहे.

काका